वजीराचं आवतन

माझी सून परवा मोबाइलवर कुठल्याशा फार्महाऊसचे फोटो पाहत म्हणाली, "आई, गाई-म्हशी किती गोड असतात ना! तुमचं लहानपण किती मजेत गेलं असेल!"

गोड? मी चहाचा कप खालीच ठेवला. दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यात एक शेळी, एक म्हैस आणि एक बैल अशा तिघांनी आमच्या घरावर राज्य केलं, आणि आम्ही माणसं त्यांची नोकरी करत होतो! हे किस्से म्हणजे उकिरडा असतो. रोज टोपलंभर टाकायचं, लक्षही जात नाही, आणि एक दिवस पाहावं तर ढीग छातीला लागलेला. आज उपसतेच.

शेळीपासून सुरू करते, कारण तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. छप्पन सालच्या दसऱ्याला बाबा दीक्षा घ्यायला नागपूरला निघाले होते. आईने त्यांचं पांढरं धोतर धुऊन, नीळ देऊन दोरीवर वाळत घातलं. ती घरात भाकरी टाकेपर्यंत शेळीने त्याचा वीतभर कोपरा खाऊन टाकला! चांगलं धोतर तेवढं एकच होतं. आई काठी घेऊन तिच्यामागे धावली, "तुले बी दीक्षा पाह्यजे होती त तोंडानं सांगाचं ना व माय!"

शेळीने खाल्लेला कोपरा बाबांनी आत खोचला, गेले, आणि बौद्ध होऊन परत आले. शेळीत काही सुधारणा झाली नाही.

म्हैस तर तिच्याही वरची. नाव चंद्री. आईच्या हिरव्या लुगड्याशिवाय ती कोणाला कासेला हात लावू देत नसे. एकदा आई भावाच्या लग्नाला बाभुळगावला गेली. दोन दिवस बाबांनी लाथा खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हिरवं लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि दूध काढायला बसले. नेमका तेव्हाच पाटलाचा निरोप घेऊन गावचा कोतवाल अंगणात!

"वहिनी, दौलत कुठी गेला?"

बाबांनी मान न वळवता बारीक आवाज काढला, "वावरात गेले."

कोतवाल बिचारा दुपारपर्यंत आमच्या वावरात बाबांना हाका मारत फिरला! गाव पोट धरून हसलं. आई मात्र परत आल्यावर भडकली, "हासून काय राह्यले? माह्यं लुगडं शेनानं भरलं, थे कोन धुईन?"

आता बैल. त्याचं नाव वजीर. दारव्ह्याच्या बाजारात रहीमचाचा बैलांना नाल ठोकायचे. वजीर त्यांच्यासमोर जो आडवा झाला तो नाल ठोकून झाल्यावरही उठेना. तासभर उन्हात पडून राहिला. रहीमचाचा वैतागले, "दौलतभाई, नाम वजीर रखा तुमने! अब ये हल थोडेही चलाएगा, हुकूम चलाएगा!"

पण बाबांचा जीव त्या वजीरावर. पोळ्याला गावाच्या तोरणाखाली, सगळ्या जोड्यांच्या रांगेत त्याला एकदा उभा करायचा, एवढीच त्यांची हौस होती. तोरणाखाली जोडी लागते, आणि आमचा बैल एकटा. म्हणून दरवर्षी वजीर घरीच सजायचा आणि घरीच जेवायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून त्याच्या कानात सांगायची रीत आहे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. मी एकदा आईला विचारलं, "बैलाले 'घ्या' अन् 'या' काहून व? पाटील त बाबाले 'ए दौलत्या' म्हन्ते."

"बैल सालभर राबते म्हनून."

"मंग बाबा काय करते?"

आईने पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वजीर दावं तोडून चुलीपाशी आला आणि पुरणपोळ्यांची अख्खी चळत संपवून गेला. आईने काठी उचलली, तर बाबा मध्ये पडले, "मारतं काहून? आवतन तूनंच देल्लं ना!"

मग सत्तावन्न साल आलं. ऐन पेरणीच्या तोंडावर पाटलाचा एक बैल साप चावून मेला. त्याचा दुसरा बैल राजा, आमचा वजीर. दोघांची सावड झाली, म्हणजे तुझा एक माझा एक, आधी तुझं वावर मग माझं. राजाचा वजीरावर असा काही जीव बसला की पाटलाने एकदा त्याला मागून आणलेल्या बैलाबरोबर जुंपलं, तर तो वावरातच बसला. वजीर आल्यावरच उठला.

बाबा खूश. यंदा जोडी होती! त्यांनी शिंगांना रंग आणला, मी झूल शिवली. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी पाटील वाटेत म्हणाला, "दौलत्या, तुमी आता देवाले मानत नाही. मंग तोरनाखाली काय काम हाय? उद्या वजीराले आनू नको."

"देव मी सोडले, पाटील. वजीरानं काई सोडलं नाही. इचारून पाहा त्याले!"

पाटील ऐकतो कशाला! पेरणीला वजीर चालतो, तण काढायच्या डवऱ्याला चालतो, आणि तोरणाला चालत नाही? आजही सांगताना माझं डोकं फिरतं. त्या संध्याकाळी बाबांनी वजीराचा खांदा चोळला, पण कानात काही बोलले नाहीत. "कायचं आवतन देऊ?" म्हणाले, आणि न जेवता निजले.

पोळ्याच्या दिवशी पाटलाने राजाच्या जोडीला बाजारातून नवा पांढराशुभ्र बैल आणला. मानाची जोडी पाटलाची, ती तोरणाखालून गेल्याशिवाय गावातला एकही बैल हलायचा नाही. डफडं वाजलं. आणि राजा बसला! शेपटी पिरगाळली, गूळ दाखवला, पाटलाने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. राजा उठेना. सगळ्या गावच्या जोड्या मागे खोळंबल्या, दिवस कलला.

कोतवाल धावत आमच्याकडे आला. "दौलत, पाटलानं वजीराले बोलावलं!"

"त्याले आवतन कुठी हाय?" बाबा म्हणाले. "ज्याले बोलवाचं हाय, त्यानं येऊन कानात सांगावं. रीतच हाय."

पाटील आला. आमच्या अंगणात, पहिल्यांदा. मागे अर्धं गाव, पुढे आमची सगळी वस्ती. तो वजीराच्या कानाशी वाकला आणि दात आवळून म्हणाला, "आवतन घे. जेवाले ये."

"तसं नाही, पाटील," बाबा म्हणाले. "'घ्या' अन् 'या'."

पाटलाने एकदा मागे पाहिलं. मग पुन्हा वाकला.

"आवतन घ्या. जेवाले... या."

वजीर रवंथ करत होता, त्याने कानही हलवला नाही. त्याच्या पलीकडे दावं धरून उभ्या असलेल्या बाबांनी डोक्याचा फेटा नीट केला आणि म्हणाले, "येतो, पाटील."