गेरूचा झाला शेंदूर

मंडळी, तुळजापूरच्या पायवाटेवरून आत्ताच परतलोय. पायांची धूळ न झटकताच वाचनालयाच्या या फळ्यावर लिहितोय.

घाटातली आपली विसाव्याची झाडं भट्टीसाठी तोडायची ठरली होती. काल कंत्राटदाराच्या मुकादमानं बुंध्यांवर गेरूच्या खुणा केल्या. आज सकाळी कुऱ्हाडीवाले आले, तर प्रत्येक खुणेवर हळदकुंकू आणि खाली फोडलेला नारळ!

शेजारी मेंढरं राखणारी भागूआजी बसलेली. म्हणाली, "देवी परगटली की हितं, झाडास्नी शेंदूर आलाय. घाला आता कुऱ्हाड!"

कुऱ्हाडीवाल्यांनी चपला काढून हात जोडले.

मुकादम ओरडला, "अरे, तो गेरू आहे! मीच लावलाय!"

"मंजी देवीनं तुमच्याच हातनं लावून घेतला की," एकजण म्हणाला. सगळेजण कुऱ्हाडी खांद्यावर टाकून घाट उतरले. मुकादमानंही खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावून खाल्ला!

नंतर मी आजीला हळूच विचारलं, "खरंच शेंदूर वाटला?"

"लेकरा, मेंढरांवर गेरूच्या खुना करन्यात जलम गेला माजा. मला गेरू कळत न्हाय व्हय?"

मंडळी, खिंडीपलीकडची झाडंही तोडायची आहेत, पण ती अजून कोरी आहेत. रविवारी मुकादमाच्या आधी गेरू, हळदकुंकू आणि नारळ घेऊन कोण कोण येतंय?