राखून ठेवलेली हाक

"एकदा शब्द दिला की गाणं म्हणजे लग्न ठरलेली मुलगी, तिला दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसवायचं नाही," डेल्मर प्रुइट एकदा म्हणाला होता.

म्हणाला तेव्हा तो आमच्या बसच्या पायरीवर बसून पावासारख्या मऊ बिस्किटाने ताटलीतली ग्रेव्ही पुसून खात होता. आम्ही सगळे लोर्ना के बॅस्कम या कंट्री गायिकेच्या मागे वाजवणारे. डेल्मर स्टील गिटारवर, मी बेसवर. स्टील गिटार टेबलासारखी आडवी असते. डाव्या हातात लोखंडी कांडी, उजव्या बोटांत नख्या, पायाखाली पेडल. वाजवणारा मान खाली घालून बसतो आणि लोक त्याला बघत नाहीत. डेल्मरला ते मानवलेलं होतं.

तो पूर्व केंटकीतल्या एका अरुंद खोऱ्यातला. तिथे दुपारीच सूर्य डोंगराआड जातो. बाप कोळशाच्या खाणीत. त्यांच्या चर्चमध्ये वाद्याला बंदी होती. माणसाचा गळा पुरे, बाकी सगळं पाप. स्टील त्याने पहिल्यांदा ऐकली ती शेजाऱ्याच्या ट्रकमधल्या रेडिओवर. माणूस रडायचा थांबला आहे आणि रडणं मात्र चालूच आहे, असं त्याला वाटलं होतं. हे त्याने मला सांगितलं तेव्हा आम्ही बसचं पंक्चर निघायची वाट पाहत होतो. एरवी सांगितलं नसतं.

नॅशव्हिलला, या गाण्यांच्या धंद्याच्या शहरात, तो आला गाणी घेऊन. पण त्याचा आवाज वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाटकाच्या करकरीसारखा होता. गाणी कागदावर बरी दिसत, त्याच्या तोंडून ऐकली की ऐकणारा घड्याळ बघे. मग तो दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवू लागला. त्याची स्वतःची काही गाणी रेकॉर्डवर आली, ती बहुतेक शेवटून दुसरी. तिथवर पोहोचेपर्यंत ऐकणारा उठून कॉफी ठेवायला गेलेला असतो.

त्याची बायको ओलिटा नॅशव्हिलजवळच्या मॅडिसनमधल्या त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत उभी राहून त्याला जेवायला हाक मारायची. तो परसातल्या शेडमध्ये स्टीलच्या तारा बदलत असायचा. हाक ऐकू यायची, पण ओ द्यायचा नाही. ओ दिली की हाक संपते. दिली नाही की ती पुन्हा मारते, जरा लांबवून, जरा चिडून. यावरच त्याने गाणं लिहिलं. त्यात एवढंच आहे: एक माणूस शेडमध्ये गप्प बसला आहे, बाई हाक मारते आहे, मक्याचा ब्रेड थंड होतो आहे. मी त्या धंद्यात जन्म काढला. इतकं साधं आणि इतकं पुरतं गाणं फार थोड्यांना जमलेलं पाहिलं.

ओलिटाला ते त्याने एकदाच, स्वयंपाकघरात, स्वतःच्या आवाजात ऐकवलं. तिने हात पुसले आणि म्हणाली, "हे लोर्नाने म्हणावं. मी भांडी घासत असेन आणि रेडिओवर लागेल." डेल्मरने ते डोक्यात धरलं. स्वतः ऐकवलेलं तो ऐकवण्यात धरतच नव्हता.

लोर्नाने गाणं ऐकलं आणि सांगितलं, "हे माझ्यासाठी राखून ठेव." आमच्यात याला सहीशिक्का लागत नाही. गायिकेने राख म्हटलं की ते गाणं दुसऱ्या कुणाला ऐकवायचं नाही. पण हा शब्द दुधासारखा नासतो, फार तर हंगामभर टिकतो. मग आपणच विचारायचं, घेताय की सोडताय. सगळे विचारतात. डेल्मरने विचारलं नाही, कारण दुसराही एक नियम होता: बसमध्ये मालकिणीपुढे गाण्याचा विषय काढायचा नाही. बस तिचं घर. एका फिडलवाल्याने जेवताना आपलं गाणं गुणगुणून दाखवलं होतं; पुढच्या दौऱ्यात फिडलवाला वेगळा होता. आणि डेल्मरला लोर्ना भेटायची ती बसमध्येच.

वर्षं गेली. लोर्नाला ऐकवायची नमुन्याची टेप, डेमो, जिने गायली होती त्या मुलीने ते कुठेतरी गुणगुणलं असावं, कारण ट्रेस कॉलियर नावाच्या नव्या, मोठ्या हॅटच्या गायकाकडून विचारणा आली. आम्ही डेल्मरला वेड्यात काढलं. त्यावर त्याने ते लग्न ठरलेल्या मुलीचं वाक्य टाकलं. मी म्हटलं, "अरे, मुलीला पांढरे केस आले." तो म्हणाला, "तू बेस वाजव, जाड्या."

त्याच सुमारास ओलिटाचे कान जाऊ लागले. आधी पक्षी गेले, मग टेलिफोनची घंटा. डॉक्टरने सांगितलं, वरचे सूर आधी जातात, खालचे शेवटी. उपाय फारसा नाही. डेल्मर आम्हाला काही बोलला नाही. तो फक्त बसमध्ये लोर्नाच्या जवळच्या सीटवर बसू लागला आणि गप्प राहू लागला, अधिक मोठ्याने.

शेवटी ओलिटाच आली. एका जत्रेत, दुपारी, कार्यक्रमाआधी आवाज तपासणं चाललं होतं. लोर्ना स्टेजमागे घडीच्या खुर्चीत बसून सफरचंदाची तळलेली करंजी खात होती. ओलिटा सरळ तिच्यासमोर उभी राहिली. ती बँडमधली नव्हती. आमचे नियम तिला लागू नव्हते.

"लोर्ना, माझं गाणं तू कधी म्हणणार? माझे कान चाललेत."

लोर्नाला आठवायला क्षणभरही लागला नाही. "ते? मला वाटलं याने ते काढून घेतलं. इतक्या वर्षांत एक अक्षर नाही बोलला. मीच मेली मनात धरून बसले होते."

डेल्मर मागे उभा होता. "तुम्ही राखून ठेव म्हणालात, मिस लोर्ना."

"राख म्हणजे विचारत राहा रे बाबा. चर्चमध्ये बसल्यासारखा काय बसलास?"

मला वाटतं तो अजूनही त्याच चर्चमध्ये बसलेला होता, जिथे गळ्याशिवाय सगळं पाप आणि त्याला गळा नव्हता.

दौरा संपल्यावर, पानगळ होऊन गेल्यावर, गाणं रेकॉर्ड झालं. स्टुडिओत ओलिटासाठी मी खुर्ची माझ्या बाजूला ठेवली, कारण तिथेच जागा होती. लोर्ना त्या दिवशी अशी गायली की काचेमागचा प्रोड्यूसर पेन्सिल चावायचा थांबला. डेल्मरची स्टील तिच्या प्रत्येक हाकेनंतर येत होती, ओ द्यायला निघालेली आणि ओठापाशी परत फिरणारी. पुन्हा घ्यायची गरज नव्हती.

लोर्ना हेडफोन काढून ओलिटापाशी आली, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "कसं झालं?"

"छान," ओलिटा म्हणाली. ऐकू न येणाऱ्यांसारखी, गरजेपेक्षा मोठ्याने. "याचा बेस ऐकला. सगळा ऐकला."

मी माझ्या हातांकडे बघितलं. कुणालातरी हसू आलं आणि तिथेच अडलं. लोर्नाने विचारलं, आणि मी? ओलिटाने नाही अशी मान हलवली. आणि स्टील? तिने पुन्हा हलवली, दिलगिरी नसलेली, हवामान सांगावं तशी.

"तोंड काय पाडतेस, पोरी," ती लोर्नाला म्हणाली. "गाणं मला येतं. स्वयंपाकघरात त्याने म्हटलं होतं की. अजून कानात आहे, त्याच्या त्या घाणेरड्या आवाजात. तुम्हा कुणाचा आवाज तिथे मावलाही नसता."

डेल्मरने बोटांतल्या नख्या काढल्या आणि डबीत टाकल्या. कांडी शर्टाच्या खिशात ठेवली. आपली स्टील तो कधी कुणाला भरू देत नसे. पेटीची कडी नीट बसत नाही, ती त्यालाच बसवता येते, असं म्हणायचा. त्या दिवशी त्याने पेटी उघडीच ठेवली. खुंटीवरून ओलिटाचा कोट काढला, हातावर घेतला आणि दाराकडे चालू लागला.

"डेल्मर," ओलिटाने मागून हाक मारली. "तुझी स्टील राहिली."

त्याचे कान आमच्या सगळ्यांत तिखट. त्याने दार ढकललं.

"डेल्मर," ती पुन्हा म्हणाली, जरा लांबवून, जरा चिडून.

तो ओ न देता बाहेर गेला.