गुडघा, पिकअप आणि अमेरिकेची पेटी

माझे वडील खानदेशात वीस वर्षं बस चालवून सुरतेला आले आणि उधन्यात एक जुनी डिझेल पिकअप घेऊन कापडाचे ताके वाहू लागले. लूमच्या कारखान्यातून ताके भरायचे आणि कडोदऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये उतरवायचे, असं दिवसातून दोन-तीन वेळा. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागला. ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या मते दुखणं गुडघ्यात नसून गाडीच्या पेडलमध्ये होतं.

"पेडल कडक झालंय," ते म्हणायचे आणि चालताना लंगडायचे.

आई डॉक्टरचं नाव काढायची, तेव्हा ते मेकॅनिककडे जायचे.

त्या हिवाळ्यात माझ्या आतेबहिणीचा नवरा अमेरिकेहून आला. माणूस मोठा प्रेमळ. जेवताना त्याने वडिलांच्या पायाची चौकशी केली, आणि पुढच्या आठवड्यात मुंबईला ठेवलेल्या सामानातून एक खोका घेऊन हजर झाला. त्याने तिकडे स्वतःच्या गाडीसाठी घेतलेला, पण गाडी विकल्यामुळे तसाच राहिलेला क्रूझ कंट्रोल त्यात होता.

"मामा, एकदा वेग धरला की बटण दाबायचं. मग पाय काढून घ्या. गाडी आपोआप त्याच वेगाने जाते."

"आनि पाय?" वडिलांनी विचारलं.

"पायाला आराम."

हा माणूस सुरतेत चार दिवस राहिला होता. उधना ते कडोदरा या रस्त्यावर एकच वेग सलग मिनिटभर तरी धरता येतो का, हे त्याला दिसलं असणारच. पण भेटवस्तू देणाऱ्याला असं कोण सांगणार?

खोक्यात एक काळी पेटी, वायरी, लोहचुंबक, रबरी नळ्या आणि बत्तीस पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. इंग्रजी वाचणारा घरात मी एकटाच. मी बँकेत कारकून होतो आणि कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाला बजावायचो, "काका, प्रत्येक ओळ वाचा, मगच सही करा." त्यामुळे रविवारी गॅरेजमध्ये पुस्तक वाचून दाखवायचं काम मानाने माझ्याकडे आलं.

मेकॅनिक गुजराती होता, बोलायला कमी आणि हाताला पक्का. त्याने पेटी उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारलं, "साहेब, आमां डिझल माटे कंई लख्युं छे?"

डिझेलबद्दल लिहिलेलं होतं. चौथ्या पानावर, चौकटीत. हे यंत्र पेट्रोल इंजिनासाठी आहे. डिझेल इंजिनाला वेगळा व्हॅक्यूम पंप लागेल आणि तो या खोक्यात नाही. मी ते दोनदा वाचलं. मग वडिलांकडे पाहिलं. ते नव्या बटणासाठी डॅशबोर्डवर जागा शोधत होते आणि इतक्या आनंदात मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"खास काही नाही," मी म्हणालो आणि पान उलटलं.

मेकॅनिक तीन रविवार झटला. पेटीला काम करायला हवेची ओढ लागते आणि डिझेल इंजिनातून ती हवी तशी मिळत नाही, हे त्याच्या आपोआप लक्षात आलं. ब्रेक हलका लागावा म्हणून गाडीत तशी ओढ देणारी एक नळी होती. त्याने तिलाच फाटा काढून पेटीला जोडला. मला हुशारी वाटली. थोडक्यात, गाडी थांबवायची ताकद काढून आम्ही ती गाडी चालत ठेवायला दिली होती, आणि चहा पिऊन एकमेकांचं कौतुक केलं होतं.

चौथ्या रविवारी सकाळी चाचणी. वडिलांनी धुतलेला शर्ट घातला. कडोदरा ओलांडून हायवे चलथाणकडे मोकळा दिसला, तेव्हा त्यांनी पन्नासचा वेग धरला आणि बटण दाबलं. पाय हळूच उचलला. गाडी जात राहिली. खरंच जात राहिली! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाहता पाहता उजवा पाय वर घेतला आणि सीटवर अर्धी मांडी घातली.

"आबा, पाय खाली ठेवा."

"मंग एवढा खटाटोप कसाले केला?"

साखर कारखान्याचा हंगाम होता. पुढे कच्च्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर हायवेवर चढला, मागे दोन ट्रॉल्या. वडिलांनी पाय सोडवून ब्रेक दाबला. पेटी नियमाप्रमाणे बंद झाली, पण ब्रेक दगडासारखा लागला. ते दोन्ही पायांनी ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले. मी देवाचं नाव घेतलं की मेकॅनिकचं, आठवत नाही. गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीत घसरली आणि नाक मागच्या ट्रॉलीच्या उसात खुपसून थांबली. काचेवर उसाची पाती. कोणाला खरचटलंही नाही.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. आमच्या खानदेशातलाच निघाला. गाडी पाहून म्हणाला, "ऊस पाहिजे व्हता ते मागी लेता ना, बाबा."

वडील हसले नाहीत. त्यांनी खाली उतरून बॉनेट उघडलं, नळीचा फाटा बोटाने चाचपला. तो सांध्यात सुटला होता. मग मला विचारलं, "पुस्तकात डिझेलबद्दल लिहिलेलं नव्हतं?"

"होतं."

"तू वाचलं?"

"वाचलं होतं, आबा. तुम्ही खूश होता म्हणून..."

पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगवत त्यांनी ती थेट गॅरेजवर आणली, मेकॅनिकला समोर बसवलं, आणि मला पहिल्या पानापासून प्रत्येक ओळ मराठीत वाचायला लावली. मी वाचली. चौथ्या पानावरच्या चौकटीशी मी थांबलो. मेकॅनिक खाली बघत नट फिरवत राहिला. वडिलांनी मला तिथेही थांबू दिलं नाही. ही वस्तू अमेरिकेतल्या कोणकोणत्या राज्यांत बदलून मिळेल, तेसुद्धा दोघांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आता समजलं," वडील म्हणाले. "काढ ते."

नळी पूर्ववत झाली, ब्रेक जागेवर आला. बटण मात्र त्यांनी डॅशबोर्डवर तसंच ठेवलं आणि लूमवाल्यांना ते दाखवून सांगू लागले की ही गाडी आपोआप चालते. अमेरिकेतल्या जावयाला पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं: पेटी उत्तम आहे, पायाला आराम आहे. मी एक ओळही गाळली नाही.

आईने मग मला मध्ये घातलं. तू खोटं वाचलंस, आता तूच त्यांना डॉक्टरकडे ने, म्हणाली. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, वजन कमी करा, रोज चाला. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटलं. तरी ते रोज पहाटे उधना स्टेशनपर्यंत पायी जाऊ लागले, रागातच. पावसाळ्यापर्यंत लंगडणं बरंच कमी झालं. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "पेडल आता नरम झालंय."