नेकनूरला तुटलेला बोल्ट

निजामाच्या राजवटीत मी प्रवासी लॉरी चालवायचो. सकाळी युसूफ वडगाव सोडायचं, केज, नेकनूर करत मांजरसुंब्याचा घाट उतरायचा आणि दुपारपर्यंत बीड. लॉरी मालकाची होती आणि मालकाचं एकच सांगणं होतं, "तू गाडी चालव. इंजनाला पाना लावू नको. बिघडलं तर मला निरोप धाड." मी तेव्हा चोविशीतला होतो. चोविशीतल्या माणसाला असं सांगितलं की त्याचे हात जास्तच शिवशिवतात.

त्या आठवड्यात इंजनाच्या उजव्या बाजूनं फट्फट् असा आवाज यायला लागला. जळलेला धूर इंजनातून बाहेर नेणारं एक बिडाचं नळकांडं असतं. आम्ही त्याला मॅन्फोल म्हणायचो. ते बोल्टांनी इंजनाला आवळलेलं असतं. त्यातला एक बोल्ट ढिला झाला होता आणि फटीतून धूर गाडीत घुसत होता. माझ्या बाजूला बसणाऱ्यांचे डोळे झोंबायचे, समोरून येणारे बैल बुजायचे.

नेकनूरला बाजाराचा दिवस होता. माणसं चढउतार करत होती तेवढ्यात मी इंजनाचं झाकण उघडलं, पाना लावला आणि आवळायला लागलो. बोल्ट जरा फिरला, मग अडला. मी पाय रोवून अंगचं सगळं बळ लावलं. एकदम पाना हलका झाला आणि मी मागं चिखलगार्डावर आपटलो. डोक्यासकट अर्धा बोल्ट माझ्या पायाशी पडला होता. उरलेला तुकडा इंजनाच्या भोकात, काठाच्याही जरा आत. चिमट्यानं धरावं तर धरायला काही नाही.

"काय झालं बे?" टपावरून एकानं विचारलं.

"बोल्ट तुटला."

"मग कावून हात लावला? चालत हुती की गाडी!"

गाडी चालू करून पाहिली तर आता नुसता आवाज नाही, फटीतून जाळच बाहेर येत होता आणि पायाखालची फळी तिथून वीतभर अंतरावर. तसं घाट उतरणं शक्य नव्हतं. माणसं शिव्या घालत बैलगाड्यांकडं पांगली. बीडचा मिस्त्री काय म्हणेल ते मला ठाऊक होतं: इंजनाचं वरचं डोकं उतरवा, औरंगाबादला पाठवा, आठ-दहा दिवस धरा. आणि मालक काय म्हणेल तेही.

एक म्हातारा तेवढा गेला नाही. बीडचा गुप्ती करणारा कारागीर होता तो. काठीत लपणारी पाती घडवायचा, बाजाराला येऊन कात्र्या-अडकित्त्यांना धार लावून द्यायचा. मेंदी लावलेली दाढी, खांद्याला अवजारांची झोळी. तो माझ्या शेजारी येऊन वाकला.

"बेटा, यात आटे हायेत ना? फिरवून बसवलेला हाय ना हा?"

"हाव, चाचा. पण तुमी इंजनाचं काम केलंय का कधी?"

"न्हाई. पैल्यांदाच बघतोय." हे त्यानं अगदी सहज सांगितलं. "पन गुप्तीची मूठबी आट्यावरच बसती. ती गंजली तर आमी तोडत न्हाई, सोडवतो."

त्यानं मला गावातल्या लोहाराकडून पेटती शेगडी आणायला लावली. आधी मॅन्फोल उतरवायचं होतं, पण बाकीच्या बोल्टांना त्यानं मला हात लावू दिला नाही. एक सळई लाल करून तो बोल्टाच्या डोक्यावर टेकवायचा, काढायचा, पुन्हा टेकवायचा. मग झोळीतलं मधमाशांचं मेण तापल्या बोल्टाच्या कडेला लावायचा. मेण वितळून आपोआप आत ओढलं जायचं. "आता फिरव. दोन बोटांच्या जोरानं." मी फिरवला. माझ्या अंगच्या सगळ्या बळाला न जुमानता तुटलेल्या बोल्टाचाच हा सख्खा भाऊ, पण लोण्यातून निघावा तसा निघाला. एकामागून एक सगळे निघाले.

मग तुटलेल्या तुकड्याची पाळी. त्यानं टोच्या ठेवून बरोबर मध्यावर बारीक खूण केली. मोजमाप काही नाही. धनुकलीच्या दोरीनं फिरणारा छोटा गिरमिट लावला आणि चिखलगार्डावर छाती टेकून ओढू लागला. दोरी इकडून तिकडं, तिकडून इकडं. लोखंडाचा बारीक भुगा पडत होता. मधेच तो थांबे, कानशीनं गिरमिटाला धार काढी, मग शेगडीत तापवून पाण्यात विझवी आणि पुन्हा ओढायला लागे. दोन तास तरी हे चाललं. बाजारातली माणसं भोवती जमली होती. एवढी माणसं नेकनूरच्या बाजारात गप्प उभी मी पुन्हा पाहिली नाहीत.

भोक पडल्यावर त्यानं एका चौकोनी सळईचं टोक निमुळतं घासलं आणि हलक्या हातानं त्यात ठोकलं. पुन्हा ताव, पुन्हा मेण. सळईला पाना लावला आणि डोळे मिटले.

"बोल नक्को," तो मला म्हणाला. मी बोलतच नव्हतो.

पाना गव्हाच्या दाण्याएवढा हलला. त्यानं तो उलट फिरवून परत आणला. पुन्हा थोडा पुढं, पुन्हा मागं. असं किती वेळा केलं देव जाणे. मग चुर्र असा आवाज झाला. मला वाटलं, आतला आटा गेला. पण तुकडा सळईवर बसून सबंध बाहेर आला होता आणि भोकातला एकही आटा दुखावला नव्हता. मी बोट घालून पाहिलं. मी वाकून त्याच्या पायांना हात लावायला गेलो तर त्यानं मला दंडाला धरून उभं केलं.

मॅन्फोल बाकीच्या बोल्टांसकट परत जागेवर लावलं. तुटलेल्याच्या जागी पेटीत एक जादा बोल्ट होता. तो बसवला. चाचानं या वेळीही पाना माझ्याच हातात दिला, मात्र स्वतःची दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. एका जागी ती दाबली गेली आणि मी थांबलो.

इंजन चालू केलं. फट्फट् गेली होती. चाचा झाकणापाशी तसाच उभा राहिला. आता थक्क व्हायची पाळी त्याची होती.

"एवढी आग आत जळती आनि वर आपन मानसं बसवतो?" तो हळूच म्हणाला. "सुभानल्ला!"

दिवस कलता आम्ही घाट उतरलो. बीडला पोचल्यावर मी मालकाला सगळं खरं सांगितलं. तो आधी चिडला, मग स्वतः वाकून भोकाकडं, नव्या बोल्टाकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "त्या माणसाचं घर मला दाखव."

पुढं मी तीस वर्षं गाड्या चालवल्या. तुटलेले बोल्ट मेणानं सोडवायचा प्रयत्न पुष्कळदा केला. काही निघाले, बरेचसे मी आणखी आत मोडले. कुठं थांबायचं ते माझ्या मनगटाला कधीच नीट कळलं नाही.