‘फेकायचे’ लिहिलेला डबा

आमच्या लॅबमध्ये प्रोटीनचे स्फटिक वाढवतात. म्हणजे वाढवायचा प्रयत्न करतात! किस्से मात्र न वाढवता वाढतात. मे महिन्यात अख्ख्या कॉलेजात थंडगार खोली आमची एकच. त्यामुळे गणितवाल्यांपासून ग्रंथपालांपर्यंत सगळे घाम पुसत "प्रोटीन कसं आहे गा?" विचारायला येतात आणि पाच वाजेपर्यंत त्याच्या तब्येतीची काळजी करत बसतात.

*

पण खरी काळजी एकटीलाच, वैशालीला. मी तिची ज्युनिअर, बाजूच्याच बेंचवर. ती रामटेककडची, घरी धानाची शेती. धानावर करपा आणणारी जी बुरशी असते, तिचं एक प्रोटीन वैशालीनं धरलेलं. त्याचा आकार कळला तर त्याला अडवणारं औषध शोधता येईल. आकार कळायला आधी प्रोटीनचा स्फटिक करायचा, मग त्यावर एक्स-रे मारायचे. पीएचडीचं सहावं वर्ष चालू, फेलोशिप संपलेली. यंदा आकार नाही मिळाला तर गाशा गुंडाळून घरी, असं तिचं तिनंच ठरवून टाकलेलं.

आणि स्फटिक यायचे, बाप्पा! पण पिठीसाखरेएवढे. आमचे गाइड मेश्राम सर मायक्रोस्कोपमध्ये डोकावायचे, "चुरा!" म्हणायचे आणि ट्यूब थेट बेसिनमध्ये ओतायचे.

*

एकदा तिचे बाबा नव्या तांदळाची पिशवी घेऊन लॅबमध्ये आले. वैशालीनं त्यांना मायक्रोस्कोपमधून दाखवलं.

"हे तं कणी आहे वं. तांदूळ कुठं आहे?"

"तांदूळ होऊनच नाही राहिला, बाबा."

"मंग कणीचा भात काहून नाही करत?"

सर इतके हसले, इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वैशाली हसली नाही. त्या दिवसापासून सर ट्यूब उचलायच्या आत ती म्हणायची, "राहू द्या सर, मी फेकते." आणि गुपचूप फ्रिजमधल्या एका डब्यात ठेवायची. सरांना शंका नको म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘फेकायचे’.

*

मग सरांच्या जुन्या विद्यार्थ्याचा परदेशातून फोन आला. तो तिथल्या सिंक्रोट्रॉनवर काम करतो. सिंक्रोट्रॉन म्हणजे मैदानाएवढं गोल यंत्र, त्यातून भयंकर जोरदार एक्स-रे निघतात.

"सर, आता मोठा स्फटिक नकोच! बारीक हवेत, हजारोंनी. एकेकाचा एकेक फोटो काढायचा आणि सगळे जोडून आकार काढायचा."

"किती बारीक?"

"पिठीसाखरेएवढे!"

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वैशाली उठली आणि डबा आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय आहे?"

"उद्या फेकणार होते, सर."

"कधीपासून?"

"दोन वर्षांपासून."

*

तिकडच्या यंत्रावर वेळ मिळाली, एकच दिवस. विमानाला चार दिवस उरले आणि आमचे लॅब अटेंडंट बावणे काका यांनी फ्रिज साफ केला! वैशाली आली, बघते तर डबा जागेवर नाही. पोरगी कचऱ्याची बादलीच उपसायला लागली. मी धावले.

"काका! काय फेकलं तुम्ही?"

"‘अतिमहत्त्वाचे’ लिहिलेला डबा."

"आणि ‘फेकायचे’वाला?"

"तो कसा फेकीन? ह्या पोरीचा हात रोज त्यातच राहते! वरच्या खणात ठेवला, नीट. महत्त्वाच्या डब्याले तं तीन वर्षांत कोनी हात नाही लावला."

त्या डब्यात सरांनी जपून ठेवलेले, त्यांच्या जुन्या, वेगळ्याच प्रोटीनचे पाच मोठे स्फटिक होते. सरांना हे अजून माहीत नाही. कोणी सांगूही नका!

*

विमानतळावर वैशालीनं पिशवी पोटाशी धरली. "इसका एक्स-रे मत निकालिए. क्रिस्टल है, खराब हो जाएगा."

तपासणीवाला म्हणाला, "फिर लेके कहाँ जा रहे हो, मॅडम?"

"एक्स-रे निकालने!"

अर्धा तास बसवून ठेवलं तिला.

*

तो दिवस उजाडला. वैशाली तिकडे, आम्ही इकडे स्क्रीनसमोर. सर, मी, बावणे काका आणि खास रामटेकहून आलेले बाबा. फोटो येऊ लागले. कोरा. कोरा. कोरा. सरांनी पेनाचं टोपण चावून चपटं केलं.

आणि एकदम ठिपके! एका फोटोत, मग पुढच्यात, मग धडाधड! ज्या फोटोत ठिपके, त्यात स्फटिकाला एक्स-रे लागले. शंभर, पाचशे, हजार! मी खुर्चीवर चढून ओरडत होते, खोटं कशाला सांगू. संध्याकाळपर्यंत पुरेसे फोटो जमले आणि कॉम्प्युटरनं पहिला ओबडधोबड आकार काढला. स्क्रीनवर तिकडे वैशाली हसत होती आणि रडतही होती.

बाबांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं. "काय वं, शिजली का कणी?"

"शिजली, बाबा!"

सगळे टाळ्या वाजवत होतो. सर तेवढे उठले आणि बेसिनपाशी जाऊन उभे राहिले. नळ सोडला, बंद केला.

"बावणेजी, हे पाणी जाते कुठं?"

"नाल्यात, सर. तिथून नाग नदीत."

सरांनी वाकून बेसिनच्या जाळीत बोट फिरवलं, जसा काही इतक्या वर्षांत ओतलेला चुरा अजून तिथंच अडकला असेल. मग हळूच विचारलं, "अन् नाग नदी?"