सासूबाईंच्या वजनाची पुस्तकं

सासूबाईंचं वजन किती असेल, यावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली होती. त्यांना सरळ विचारायची सोय नव्हती. मेहुण्याने एकदा धाडस करून पाहिलं आणि मला फोनवर सांगितलं, "भावोजी, मी हरलो. 'मी काय चिकू आहे का,' म्हणाली."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. पण त्यांची थोरली लेक, म्हणजे माझी बायको, पौषात गेली होती, आणि वर्षाच्या आत कसलाही सोहळा त्यांना नको होता. मेहुण्याने मग ग्रंथतुला सुचवली. एका पारड्यात आई, दुसऱ्यात पुस्तकं, आणि तुलेनंतर ती पुस्तकं गावच्या वाचनालयाला. ना वाजंत्री, ना पंगत. सासूबाई बरेच दिवस नाहीच म्हणत राहिल्या आणि एक दिवस त्यांनी अट घातली: पुस्तकं लेकीची असतील तरच.

मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की माझी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

आमच्या नाशिकच्या घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. माझ्या कपाटात कथा, कादंबऱ्या, नाटकं. मी जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलं. तिच्या कपाटात ढग, मुंग्या, कुलपं, पूल, अळंब्या, समुद्रातलं शेवाळ. ती वाचायची आणि जेवताना मला सांगायची, त्यामुळे ती पुस्तकं उघडायची मला कधी गरज पडली नाही. ती गेल्यावर मी त्या कपाटावर चादर टाकली होती. पुस्तकं एकदाची घराबाहेर गेली तर चादरही काढता येईल, असं मला वाटलं असावं.

वजनाचा अंदाज आम्ही शेवटी लग्नाच्या फोटोवरून बांधला. फोटोत सासूबाईंच्या मागे माझी आत्या उभी आहे, ती दिसतच नाही.

"ऐंशीच्या पुढेच," मुलगी म्हणाली. "कमी पडली तर आजी म्हणेल, माझ्या तोलाची नव्हती."

म्हणून सगळं कपाट रिकामं केलं. द्राक्षांची रिकामी खोकी मिळाली, त्यांत पुस्तकं भरली आणि शनिवारी सकाळी निघालो. गाडी मुलगी चालवत होती. डिकी आणि मागची सीट भरली होती, आणि एक खोकं माझ्या पायांशी होतं.

त्र्यंबकची गर्दी मागे पडली. मोखाड्याच्या बाजूला खुरासणीची शेतं पिवळी झाली होती. पायांशी काही असलं की मला ते उघडून बघितल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यात वर एक जाडसर पुस्तक होतं. गांडुळांवर. सबंध पुस्तक.

"गांडुळांवर एवढं लिहिण्यासारखं काय असेल गं?"

"तुमच्या कादंबऱ्यांत तरी काय असतं बाबा? माणसंच ना? तीही सगळी सारखीच."

मी वाचायला लागलो. गांडुळाला कान नसतात. त्याच्याजवळ कितीही ओरडा, ते ढिम्म. पण जमिनीतला हादरा त्याला चटकन कळतो. ओल्या जमिनीत काठी रोवून ती हलवत राहिलं तर काही ठिकाणी गांडुळं भराभर वर येतात. का येतात, याचं उत्तर पुढच्या प्रकरणात होतं.

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याजवळ ती कधीकधी सकाळी वाकून मातीत काठी हलवत असायची. मी खिडकीतून बघायचो. तण काढत असेल, असं समजून वर्तमानपत्राकडे वळायचो. जेवताना तिने याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. गांडुळं आलीच नसतील, म्हणून? की जेवताना गांडुळं नकोत, म्हणून?

"तुला माहीत होतं, आई काठीने काय करायची ते?"

"नाही," मुलगी म्हणाली. पुढचा ट्रक मागे टाकून तिने विचारलं, "मग? आली का ती वर?"

"पुढच्या प्रकरणात आहे."

पण पुढे जव्हारला चहाला थांबलो, मग मुलीला मोबाइलवर रस्ता दिसेना म्हणून मी बाहेर लक्ष ठेवून बसलो, चारोटीला हायवे लागला, आणि बघता बघता डहाणूच्या अलीकडचा खारा वारा काचेतून आत आला. मेहुणा त्यांच्या चिकूवाडीच्या फाटकातच उभा होता. आम्ही उतरायच्या आत त्याने खोकी उचलायला सुरुवात केली. माझ्या मांडीवरचं पुस्तकही त्याने हसत काढून घेतलं आणि खोक्यात टाकलं. ते आता त्याच्या आईचं होतं.

सासूबाई ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या. पौषानंतर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता, म्हणून मला फारसं काही कळलं नाही.

रविवारी सकाळी मागच्या शेडमध्ये चिकू तोलायचा जुना काटा बाहेर निघाला. आता तिथे इलेक्ट्रिक काटा आहे. हा मोठा, साखळ्यांना लाकडी फळ्या लावलेला, छताच्या तुळईला टांगलेला. एका फळीवर पाट ठेवून सासूबाईंना बसवलं. मुलीने ओवाळलं. मेहुणा दुसऱ्या फळीवर पुस्तकं रचू लागला. पहिलं खोकं, दुसरं खोकं.

अर्धी खोकीही उघडून झाली नव्हती आणि सासूबाईंची फळी जमिनीवरून उचलली गेली.

मेहुण्याचा हात तसाच राहिला. त्या हवेत हलकेच झुलत होत्या, पाय खाली लोंबत होते. एवढ्या महिन्यांत त्या काय जेवत होत्या, हे बाजूला शिल्लक राहिलेल्या खोक्यांवरून दिसत होतं.

"काटा बिघडलाय," सासूबाईच म्हणाल्या.

"काटा बरोबर आहे, आई," मेहुणा म्हणाला. "रोज 'जेवले' म्हणतेस ना मला?"

"जेवते की. तू काय ताटाशी बसतोस माझ्या?"

सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे आहे असं बघून मी पारड्यापाशी गेलो. गांडुळांचं पुस्तक मला ढिगात दिसत होतं. अर्ध्या रिकाम्या खोक्यातून तेवढ्याच जाडीचं दुसरं, पुलांवरचं, मी उचललं, आणि एका हाताने ते ठेवत दुसऱ्या हाताने माझं ओढलं. काटा मोठ्याने करकरला. सासूबाई एकदम खाली गेल्या आणि वर आल्या.

"अहो! मला पाडता काय?" त्यांनी साखळी घट्ट धरली. "काय काढलंत ते?"

मी पुस्तक मागे धरलं होतं. मुलगी तोंडावर हात धरून हसत होती.

"बाबा गांडुळं चोरतायत, आजी."

पुस्तक दाखवणं भाग पडलं. मी काठीचं सांगितलं, कढीपत्त्याचं सांगितलं, आणि पुढचं प्रकरण राहिलंय हेही सांगितलं. सासूबाई पारड्यात बसूनच ऐकत होत्या.

"ती लहानपणी इथे वाडीतही हलवायची काठी," त्या म्हणाल्या. "मी ओरडायचे, मुळं दुखावतील म्हणून. कशासाठी ते मी कधी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "बाकीची वाचलीत का तुम्ही?"

"नाही."

"एकही नाही? आणि सगळी उचलून आणलीत?"

"तुम्हीच मागितली होती ना, आई."

"मी मागितली. तुम्ही द्यावीत असं कुठे होतं?" मेहुण्याने त्यांना हात देऊन खाली उतरवलं. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "पारड्यातली राहू देत वाचनालयाला. उरलेली घरी न्या, वाचा, आणि पुढच्या वर्षी आणा. तोवर मी वजन वाढवते. सगळी खोकी बसतील एवढं."

"ताटाशी कोण बसणार पण?" मेहुण्याने विचारलं.

"हे जावईबापू विचारतील की फोनवर. त्यांना काय उद्योग आहे दुसरा?"

परतताना डिकी रिकामी होती, पण मागची सीट पुन्हा भरलेली होती. पुढचं प्रकरण मी जव्हारच्या अलीकडेच संपवलं. चिचुंद्रीसारखा एक प्राणी जमीन पोखरत गांडुळं शोधत येतो, त्याचा हादरा समजून ती बाहेर पळतात, असं तिथे म्हटलं होतं. आमच्या अंगणात तो प्राणी असेल असं मला वाटत नाही. तिलाही ते माहीत असणार. तरी ती हलवायची.

चादर मी काढली आहे. आठवड्यातून दोनदा सासूबाईंचा फोन येतो. मी विचारतो, काय जेवलात? त्या आधी कुरकुरतात, मग भाकऱ्या मोजून सांगतात, आणि लगेच विचारतात, "आलं का एखादं वर?"

आज सकाळी कढीपत्त्याला भरपूर पाणी घालून मी बराच वेळ काठी हलवली. एक गांडूळ वर आलं. हादऱ्याने आलं की पाण्याने, ते कळायला मार्ग नाही. उद्या नुसतं पाणी घालून बघणार आहे.