दोनशे सोळा फोटो, नाव एकाचंही नाही

चंद्रशेखर गजभिये भित्रा आहे हे गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. सगळी आळी सोडून ती त्याच्याच सायकलीमागे लागायची. कुलूप लावलं की नाही हे बघायला तो रेल्वे फाटकापासून परत यायचा. बायको अल्का तर चारचौघींत सांगायची, "मले पाहाले आला तवा तीनदा इचारलं यानं, पोरगी हेच आहे ना?"

असा माणूस वेबसाईट बनवायच्या धंद्यात शिरला. १९९९ साली गोंदियातल्या टायपिंग क्लासात दोन कॉम्प्युटर आले. तिथंच तो शिकला, तिथंच शिकवू लागला, आणि पुढं घराच्या समोरच्या खोलीत स्वतःचं दुकान मांडून बसला. कॉम्प्युटरच्या मासिकासोबत सीडी यायची. तिच्यावरची फुकट सॉफ्टवेअरं तो बायका लुगडी जपतात तशी जपायचा. एक होतं पडद्यावरच्या कुठल्याही ठिपक्याचा नेमका रंग सांगणारं. त्यानं पंचशील ध्वजातला निळा असाच उचलला होता. एक पडद्यावर पट्टी ठेवून मोजमाप घेणारं. एक ढीगभर फोटो एका झटक्यात लहान करून पानावर मांडणारं. शेजारचा दुधराम सुतार दारात टेकून म्हणायचा, "काऊन गा चंदू, माया पेटीपरीस तुयाच पेटीत हत्यारं जास्त झाली. पाट तरी बनवला का एखादा?"

२००७ साली पाट बनवायची वेळ आली. बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्याच्या समितीनं त्याला वेबसाईटचं काम दिलं. समितीचे अध्यक्ष ईश्वरदास बोरकर, सगळ्यांचे काकाजी, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि घरीही वेळापत्रकाप्रमाणे चालणारे. सडक अर्जुनीपासून तिरोड्यापर्यंतचे दोनशे सोळा अर्ज चंद्रशेखरनं एकेक करून चढवले. फोटो स्कॅन केले. मग समितीच्या भर सभेत त्याला आयुष्यात पहिल्यांदाच जोर चढला. "काकाजी, हे कागद आता कायले सांभाळता? सगळं वेबसाईटवर सुरक्षित आहे," तो म्हणाला. काकाजींनी शब्द मानला आणि गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकला.

मेळावा रविवारी होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत यादी छापखान्यात द्यायची होती, म्हणजे परिचय पुस्तिका निघणार. गुरुवारी सकाळी चंद्रशेखरच्या मनात आलं, एखादी लिंक तुटलेली राहिली तर? लोक हसतील. नव्या सीडीवर त्यासाठी एक हत्यार होतं. वेबसाईटचा पत्ता द्यायचा, ते स्वतः एकेक लिंक उघडून पाहतं आणि कुठली बिघडली ते सांगतं. चंद्रशेखरनं नुसती साईट दिली नाही. अर्ज दुरुस्त करायचं त्याचं स्वतःचं आतलं पानही दिलं. त्या पानाला पासवर्ड नव्हता, कारण पासवर्ड आपण विसरू याची त्याला भीती होती.

हत्यारानं इमानदारीनं काम केलं. आतल्या पानावर प्रत्येक नावापुढं दोन लिंक होत्या, 'दुरुस्त करा' आणि 'काढून टाका'. त्यानं दोन्ही उघडून पाहिल्या. दोनशे सोळा वेळा. मग हिरव्या अक्षरांत कळवलं, सगळ्या लिंक व्यवस्थित चालतात.

चंद्रशेखर खूश होऊन चहा प्यायला. परत येऊन यादी उघडली, तर यादीत एकही नाव नाही. प्रत्येक 'काढून टाका' उघडून पाहताना हत्यारानं ते नाव खरंच काढून टाकलं होतं.

त्यानं पान पुन्हा उघडलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हाताला घाम असा की माऊस निसटत होता. नागपूरच्या ज्या पोरानं सर्व्हरवर जागा दिली होती त्याला फोन लावला. तो म्हणाला, "भैया, बॅकअप तो आपको ही लेना था." चंद्रशेखर खाली फरशीवर बसला. घरच्या कॉम्प्युटरवर फोटो तेवढे उरले होते, आणि त्यांची नावं स्कॅनरनं दिलेली होती: एक, दोन, तीन, असं थेट दोनशे सोळापर्यंत.

तेवढ्यात दारात ईश्वरदास काकाजी. "जयभीम. यादी झाली ना?"

"जयभीम काकाजी. व्हय... होऊन राहिली."

"घाम काऊन फुटला तुले?"

"पंखा... लाईन कमी आहे." पंखा डोक्यावर भन्नाट फिरत होता. काकाजींनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि छत्री काखेत मारून निघाले. रविवारी मंडपात लेकरांना घेऊन आलेले दोनशे बाप चंद्रशेखरला दिसू लागले, सगळे त्याच्याकडेच बघत असलेले.

अल्काला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कुसुमबाईकडं जा."

त्यापेक्षा तर विहीर बरी, असं त्याला वाटलं. कुसुमबाईनं वीस वर्षं जिल्ह्यातली लग्नं जुळवली होती. कोणाची पोरगी कितवी शिकली, कोणाचा पोट्टा गुटखा खातो, सारं तिला तोंडपाठ. वेबसाईट आल्यापासून तिला कोणी विचारेना, आणि ती येताजाता चंद्रशेखरच्या नावानं बोटं मोडायची. शिवाय तिच्या कानात पडलेली गोष्ट दिवस मावळायच्या आत तिरोड्याला पोचायची. पण फोटो पाहून नाव सांगणारं दुसरं कोण होतं?

त्यानं बारा-बारा चेहऱ्यांची पानं छापली, ती छातीशी धरली आणि पाय ओढत गेला. अंगणात ती मोहाची फुलं निवडत होती.

"ये बापा, कॉम्प्युटरवाले! रस्ता चुकला का?"

चंद्रशेखरनं मान खाली घालून सगळं सांगितलं. ती इतकी हसली की सूप लवंडलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे तुया मशीननं एकजात सगळ्यांचं लगन मोडलं म्हण की! आण इकडं."

"मावशी, हात जोडतो. कोणाले सांगजो नको."

"माया तोंडातून शब्द निघाला तं सांग," ती म्हणाली, आणि आत जाऊन चष्मा आणायला इतका वेळ लावला की मागच्या दारानं कोणाशी बोलली की काय अशी शंका त्याला चाटून गेली.

ती चेहऱ्यांवर बोट ठेवत गेली, तो वहीत लिहीत गेला. "हा बकारामचा मधला, डी.एड. झाला. हे मुर्रीचीच, नर्सिंग करते, उंची लिहू नको, तिले राग येते." पस्तीस नावं झाली आणि अंगणाच्या फाटकाशी एक बाई उभी दिसली. "सहज आली होती. माया पोराची जन्मतारीख बरोबर टाकजा भाऊ." तिच्यामागं एक सायकलवाला. मग तिघं. चंद्रशेखरनं पेन खाली ठेवला. त्यानं कुसुमबाईकडं पाहिलं. ती दुसऱ्या फोटोकडं बघत होती.

शुक्रवारी दुपारी तर अंगण भरलं. सडक अर्जुनीहून ट्रकमध्ये बसून दोघं बाप आले. येणारा प्रत्येक जण आधी हसायचा, टोमणा मारायचा, मग खिशातून कागद काढायचा. ज्या तोंडाची त्याला धास्ती होती, त्याच तोंडानं जिल्हाभर निरोप पोचवला होता. तरी चंद्रशेखर दर आवाजाला फाटकाकडं बघायचा. ज्याला खरं तोंड दाखवायचं होतं तो माणूस अजून आला नव्हता.

चारच्या सुमाराला तो आला. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, काकाजी रांगेच्या शेवटी उभे राहिले. सगळे बाजूला झाले. ते मात्र रांगेतच पुढं सरकत आले. चंद्रशेखर उठून उभा राहिला.

"काकाजी, मी... कालच सांगाले पायजे होतं. सगळी नावं गेली. माया हातानं."

"मले कालच समजलं. सांजच्याला ही रेल्वे फाटकात भेटली." त्यांनी कुसुमबाईकडं हात केला. "तू कवा सांगतोस ते पाहून राहिलो होतो. बस खाली. वेळ नाही."

तो बसला.

"लिही. रीना ईश्वरदास बोरकर. एम.ए. जन्म..." त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. लेकीचं नाव असं अंगणात, सगळ्यांसमोर सांगायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी जन्मतारीख सांगितली, वहीत वाकून पाहिली, आणि मगच रांगेतून बाहेर झाले.

सहा वाजता यादी छापखान्यात गेली. दोनशे सोळांपैकी नऊ चेहरे शेवटपर्यंत कोणालाच ओळखता आले नाहीत. पुस्तिकेत त्यांची पानं गेली नाहीत, आणि रविवारी दिवसभर चंद्रशेखर ते नऊ फोटो हातात घेऊन मंडपाच्या दाराशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं निरखून बघत होता.